तीन अंगठे

यंदाच्या गणपतीत आमच्या भोईवाड्यातल्या मंडळाने एका संध्याकाळी व्याख्यान ठेवलं होतं. विषय मनाचं आरोग्य. आरती झाली, प्रसादाचे द्रोण फिरले, पोरांनी मोठे स्पीकर बाजूला सरकवले आणि पाहुणे बोलायला उभे राहिले. माणूस तळमळीचा होता, हे आधीच सांगते. नैराश्य म्हणजे नाटक नव्हे, पोरीच्या अंगात येतं म्हणून तिला देवऋषाकडे नेऊ नका, दारू हा आजार आहे, हे सगळं त्यांनी नीट समजावलं. शेवटी आवाज चढवून म्हणाले, "आणि एक लक्षात ठेवा. कोणी तुमच्या माणसाला शॉक द्यायचा म्हटलं तर तिथून उठून बाहेर पडा. तो उपचार नाही, छळ आहे. कत्तलखान्यातून आलेली गोष्ट आहे ती. आता विज्ञान पुढे गेलंय, चुंबकाने काम होतं." टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूने जरा जास्तच.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरातून एक गुळगुळीत पत्रक खाली पडलं. निळा-जांभळा मेंदू, त्यातून किरण फुटतायत आणि खाली ठळक अक्षरांत 'औषध नको, शॉक नको, ॲडमिट व्हायला नको'. आदल्या रात्रीचे पाहुणे आणि हे पत्रक छापणारा यांची एकमेकांशी ओळख असायचं कारण नाही. एकाला माणसाचे हक्क जपायचे आहेत, दुसऱ्याला मशीनचा हप्ता फेडायचा आहे. पण दोघांचा धंदा एकाच मालावर चाललाय, आणि तो माल म्हणजे शॉकची भीती. पाहुणे ती फुकट वाटतात, पत्रकवाला ती विकतो. मला दोघांशीही भांडायचं आहे, म्हणून हे लिहायला बसले.

मी मुंबई पालिकेच्या रुग्णालयात सिस्टर होते. रिटायर होऊन काही वर्षं झाली. नोकरीतली बरीच वर्षं मनोविकारांच्या वॉर्डात गेली. आमच्या वस्तीला हॉस्पिटलं म्हणजे शेजारी. केईएम, वाडिया, टाटा ही सगळी चालत जाण्याच्या अंतरावर. टाटाबाहेर फुटपाथवर चटया टाकून बसलेली खेड्यापाड्यांतली कुटुंबं बघतच आमची पोरं शाळेत जातात. पोलीस ठाणं भोईवाड्याच्या नावाचं, दंडाधिकाऱ्यांचं कोर्टही भोईवाड्याच्या नावाचं. जुन्या कायद्यात मनोरुग्णाला मर्जीविरुद्ध दाखल करायचं तर दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागायचा, चोरीमारीच्या आरोपीसारखं त्याला कोर्टात उभं करायचे. मग गाडी थेट ठाण्याला. १९०१ साली उघडलेल्या तिथल्या मनोरुग्णालयाची इतकी दहशत की आमच्या चाळीत भांडण पेटलं की हमखास ऐकू यायचं, "ठाण्याला पाठवीन तुला, करंट द्यायला लावीन." शॉक हा शब्द आम्ही डॉक्टरकडून शिकलो नाही, असा धमकीतून शिकलो. लोक टाळ्या का वाजवतात, ते मला कळतं.

आणि टाळ्या वाजवणाऱ्यांची बाजू मी आतून पाहिली आहे. नोकरीत नवी होते तेव्हा जिथे काम करायचे तिथे डायरेक्ट शॉक चालायचे. डायरेक्ट म्हणजे भूल न देता. बाईला बाकावर निजवायचं. वॉर्डातली एक आया मावशी गुडघ्यांवर, एक वॉर्डबॉय मामा कमरेवर, मी खांद्यांवर. दातांत गॉझची गुंडाळी. बटण दाबलं की पेशंट त्या क्षणी बेशुद्ध होतो, हे खरं आहे, त्याला वेदना कळत नाही. पण त्यानंतर येणारी फिट पूर्ण ताकदीची असते. खांदा निखळू नये, मणका चेपू नये म्हणून आम्ही धरायचो, आणि धरल्यानेही कधी कधी हाड जायचं. सगळ्यात वाईट होती ती बाहेरची रांग. आत काय चाललंय ते बाकावरच्या पुढच्या चार बायकांना ऐकू यायचं. चौथी बाई आत यायची तेव्हा तिचे हात बर्फासारखे थंड असायचे. ते हात अजून माझ्या लक्षात आहेत. तेव्हा शॉकने कोणाचे हाल झालेच नाहीत, असं मी म्हणणार नाही. हाल झाले, आणि ते करणाऱ्यांत मीही होते.

मग मी शॉकच्या बाजूने का बोलते? कारण त्या खोलीत जे वाईट होतं ते विजेत नव्हतं.

पाहुण्यांच्या कत्तलखान्यापासून सुरुवात करते, कारण ती गोष्ट अर्धी खरी असल्यामुळे फार पसरते. रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी एप्रिल १९३८ मध्ये पहिल्यांदा माणसाला विजेने फिट आणली. त्याआधी चेर्लेत्तीने रोमच्या कत्तलखान्यात डुकरांच्या डोक्याला करंट लावून त्यांना बेशुद्ध करताना पाहिलं होतं. इथवर बरोबर. पण तो तिथून शिकून आला ते हे, की डुकरं करंटने मरत नाहीत, सुरीने मरतात. करंटने फिट येते आणि जनावर पुन्हा उठून उभं राहतं. बरं, फिट आणून मनोविकार बरा करायची कल्पनाही त्याची नव्हे. १९३४ पासून बुडापेस्टचे मेदुना कापूर आणि मग कार्डियाझोल टोचून तेच करत होते. कार्डियाझोल टोचल्यावर फिट येईपर्यंत पेशंट शुद्धीवर असायचा आणि आता आपण मरतो अशा भयाने त्याला घेरलेलं असायचं. विजेने ती वेळच उरली नाही. म्हणजे ज्या गोष्टीला आज छळाचं चिन्ह म्हणून दाखवतात, ती मुळात छळ कमी करायला आली. मग १९४० च्या सुमारास स्नायू सैल करणारी औषधं जोडली गेली, आणि १९५० च्या दशकात सक्सिनिलकोलीन, ज्याला आम्ही वॉर्डात 'स्कोलीन' म्हणतो, ते आलं. स्कोलीन आल्यानंतर जगात कोणाचा खांदा दाबून धरायचं कारणच उरलं नव्हतं. आपल्याकडे मात्र या शतकाच्या सुरुवातीलाही शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयांत जवळपास निम्मे पेशंट डायरेक्ट शॉक घेत होते. पाहुण्यांनी याची चीड धरावी. मी त्यांच्या शेजारी उभी राहून ओरडेन.

आता भूल देऊन शॉक कसा देतात ते सांगते. हे कोणी सांगत नाही, आणि सिनेमावाले दाखवतात ते भलतंच.

आदल्या रात्रीपासून पेशंट उपाशी. सकाळी केस धुवायचे, तेल अजिबात नको, कारण तेलकट डोक्यात करंट नीट जात नाही. आमच्याकडच्या बायकांना हे पटवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. पिना, मंगळसूत्र, कवळी काढून नवऱ्याच्या नाहीतर आईच्या हातात. लघवी करून यायचं. हाताला सलाईन. भूलतज्ज्ञ बाई नाव विचारतात, गाव विचारतात, आणि गावाचं नाव अर्धं तोंडात असताना पेशंट झोपतो. मग आम्ही बीपीचा पट्टा एका पोटरीला आवळून फुगवतो. हे का, तर त्यानंतर स्कोलीन शिरेतून जातं, सगळ्या अंगभर एक बारीक लहर धावते आणि शरीर सुटल्यासारखं सैल पडतं. फक्त पट्ट्याखालच्या पावलात औषध पोचत नाही. श्वासही थांबलेला असतो, म्हणून भूलतज्ज्ञ तोंडावर मास्क धरून फुग्याने ऑक्सिजन देत राहतात. दातांत रबराचा गॅग. कपाळाच्या कडेला जेली लावून इलेक्ट्रोड. करंट साधारण ०.८ ते ०.९ अँपियरचा, तोही सलग नाही, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या ठोक्यांत, एकूण काही सेकंद. आणि मग सगळे पावलाकडे बघतात. कारण आत मेंदूत फिट चालली आहे की नाही, हे बाहेरून नुसत्या डोळ्यांना दाखवणारी एकच गोष्ट असते, ती म्हणजे पायाचा अंगठा. तो टकटक हलत राहतो. सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोजते. पंचवीस, तीस, चाळीस. अंगठा थांबतो. थोड्या वेळाने श्वास परत येतो, कुशीवर वळवतात, दहा-पंधरा मिनिटांत पेशंट डोळे उघडून चहा मागतो. उपाशी असतो ना.

शॉक म्हणजे एवढंच. एक हलणारा अंगठा. मृत्यूचा धोका जगभरच्या नोंदींवरून लाखात दोनच्या आसपास, म्हणजे इतर कुठल्याही छोट्या भुलेत असतो तसा. आठवड्यातून दोन किंवा तीन वेळा, एकूण सहा ते बारा. आमच्याकडे मंगळवारी आणि शुक्रवारी असायचे. कोणी तिथीवार बघून ठरवलेलं नव्हतं. भूलतज्ज्ञ बाई त्याच दोन दिवशी ओटीतून मोकळ्या व्हायच्या.

कायद्याचं नाव घेऊन पाहुण्यांनी आणखी एक विधान केलं, की सरकारने शॉकवर बंदीच घातली आहे. हे साफ चूक आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा, अमलात आला २०१८ मध्ये. त्याच्या कलम ९५ मध्ये भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देण्याला मनाई आहे. अल्पवयीनांना शॉक द्यायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आधी परवानगी लागते. त्याच कलमात मनोरुग्णाला साखळीने बांधायलाही मनाई आहे. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत साखळदंडांनी बांधलेली अठ्ठावीस माणसं आगीत जळून मेली, त्याची आठवण त्या कलमामागे आहे. साखळी आणि डायरेक्ट शॉक एका ओळीत आले ते योग्यच झालं. पण वाचणाऱ्याने 'डायरेक्ट' हा शब्द गाळला आणि साखळीशेजारी नुसता शॉक उभा राहिला.

या कायद्याआधी जो लढा झाला त्याला माझा सलाम आहे. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी डायरेक्ट शॉकविरुद्ध वर्षानुवर्षं आवाज उठवला. तेव्हा आमच्या ड्यूटी रूममध्ये त्यांच्या नावाने बोटं मोडली जायची. मीही मोडली. आज वाटतं, त्या बाहेरून बोलत होत्या ते आम्ही आतून बोलायला हवं होतं. उलट २०१२ साली काही नावाजलेल्या मनोविकारतज्ज्ञांनी, त्यांत आपल्या सायन हॉस्पिटलचे डॉ. नीलेश शाह होते, बंगळुरूच्या निमहान्सचे डॉ. चित्तरंजन आंद्राडे होते, एक निवेदन काढलं, की भुलेची सोयच नसेल आणि पेशंटचा जीव जात असेल तर अपवाद म्हणून डायरेक्ट शॉक द्यायची मुभा असावी. विद्वान माणसं, त्यांचा हेतू मला समजतो. पण मला हे मान्य नाही. आपल्या देशात अपवादाचा रिवाज व्हायला एक पावसाळा पुरतो. भूलतज्ज्ञ नसेल तर भूलतज्ज्ञ आणा. मामांना खांद्यावर बसवायची सोय कायद्याने करून ठेवलीत तर भूलतज्ज्ञाची जागा कोणी भरणारच नाही.

कायद्याची एक बाजू मात्र मला टोचते. कलम ९४ मध्ये संमती घ्यायला वेळ नसताना पहिल्या ७२ तासांत करायच्या तातडीच्या उपचारांची मुभा आहे, आणि त्यातून शॉक वगळलाय. हेतू चांगला. कोणाला रात्रीत उचलून आणून करंट लावू नये. पण शॉकचा सगळ्यात मोठा उपयोग होतो तोच मुळी तातडीच्या वेळी. बाळंत झाल्यावर दहा दिवसांत भान हरपलेली, बाळ आपलं नव्हेच म्हणणारी पोर. दगडासारखा बसून राहिलेला, अन्नपाणी सोडलेला, तोंडात घातलेला घास तसाच गालात ठेवणारा म्हातारा. याला कॅटाटोनिया म्हणतात. आधी लोराझेपाम नावाचं औषध देतात, पुष्कळांना त्यानेच उतार पडतो. ज्यांना पडत नाही त्यांच्यासाठी शॉकच्या तोडीचं दुसरं काही अजून हातात नाही. अशा घरात प्रतिनिधी नेमून, कागद करून शॉक देता येतो, कायदा आडवा येत नाही. पण नातेवाईक पाहुण्यांचं व्याख्यान ऐकून आलेले असतील तर ते उठून बाहेर पडतील. पाहुण्यांनीच तसं सांगितलंय.

आता स्मरणशक्ती. इथे माझ्या बाजूचे लोक खोटं बोलतात, म्हणून यावर जास्त वेळ घालवते.

डॉक्टर सांगतात, थोडं विसरायला होईल, सगळं परत येईल. बेस्टचे एक कंडक्टर आमच्याकडे होते. शॉक सुरू असताना आपल्या रूटचे स्टेज विसरले. कुठल्या थांब्याला भाडं बदलतं हेच आठवेना, आणि कंडक्टरने स्टेज विसरणं म्हणजे आचाऱ्याने मीठ विसरणं. दोन महिन्यांत ते सगळं परत आलं, ड्यूटीवर गेले. नंतर दिवाळीला वॉर्डात मिठाई घेऊन आले तेव्हा म्हणाले, "सिस्टर, आजारी पडायच्या आधी महिनाभर वडील गेले होते. त्यांचं सगळं मीच केलं म्हणतात. पिंड मी ठेवले, कावळा शिवायला वेळ लागला, सगळे सांगतात. मला त्यातलं काहीच नाही हो." आणि मग पेढ्यांचा बॉक्स टेबलावर नीट सरळ करत बसले. जीव वाचला होता. ते नाकारत नव्हते. पण एक गोष्ट गेली ती गेली.

अभ्यासांतही हीच फट दिसते. २०१० साली ८४ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नवं शिकणं, लक्ष, विचार या चाचण्यांतली घसरण मुख्यतः पहिल्या तीन दिवसांची निघाली, पंधरा दिवसांनंतर बऱ्याच गोष्टी आजारपणापेक्षा सुधारलेल्या दिसल्या. यात आनंद आहे. पण त्या चाचण्यांत वडिलांचे पिंड नव्हते. त्याआधी २००३ मध्ये इंग्लंडमध्ये झालेल्या एका आढाव्यात, पेशंटांनाच विचारलेल्या पाहण्यांत २९ ते ५५ टक्के लोक म्हणाले की आमच्या आठवणी कायमच्या गेल्या. डॉक्टरने आकडा एक धरला आणि पेशंटने दुसरा, तर विश्वास कसा बसणार? एका बाजूला इलेक्ट्रोड लावला, ठोके बारीक ठेवले की नुकसान कमी होतं, हेही खरं. पण संमतीच्या वेळी कंडक्टरची गोष्ट सांगायला हवी. ती ऐकूनही पुष्कळ लोक हो म्हणतील. मी म्हणेन.

शॉक उपयोगी नाही, फक्त मेंदू बधिर करतो, हा आक्षेप मला हलका वाटतो. खोटा शॉक, म्हणजे नुसती भूल देऊन सोडून दिलेले, आणि खरा शॉक असे गट करून झालेल्या जुन्या चाचण्यांत खरा शॉक सरस ठरला, हे २००३ च्या लॅन्सेटमधल्या मोठ्या आढाव्यात आलं आहे. टीकाकार म्हणतात त्या चाचण्या छोट्या होत्या आणि १९८५ नंतर तशी एकही झाली नाही. बरोबर आहे. जीवावर बेतलेल्या पेशंटला खोटा शॉक द्यायला कुठली समिती परवानगी देईल? जड आक्षेप वेगळाच आहे, आणि तो पाहुण्यांनी केलाच नाही. शॉकने बरं वाटतं, पण ते टिकत नाही. २००१ साली अमेरिकेत शॉकने सुधारलेल्या पेशंटांना नंतर नुसत्या साखरेच्या गोळ्या दिल्या तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के पुन्हा आजारी पडले. दोन औषधं एकत्र दिल्यावर ३९ टक्के. म्हणून 'औषध नको' हे पत्रकातलं वाक्य मला शॉकच्या बदनामीपेक्षा जास्त घातकी वाटतं.

चला, चुंबकाकडे. ट्रान्सक्रॅनिअल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, टीएमएस. १९८५ साली शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर यांनी ते मशीन केलं. डोक्यावर तारेचं वेटोळं धरायचं, त्यातून झपकन करंट सोडला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, कवटी पार करून जातं आणि मेंदूच्या वरच्या थरात बारीकशी वीज जागवतं. म्हणजे पत्रकवाला ज्या विजेची भीती घालतो, तीच चुंबकाच्या दारातून आत येते. फक्त फिट न आणता. किती जोर लावायचा हे ठरवायला आधी मेंदूच्या हालचालीच्या भागावर वेटोळं धरून बघतात, हाताचा अंगठा उडतो का. तो जेमतेम उडतो तिथे पेशंटचं माप ठरतं. मग कपाळाच्या डाव्या बाजूला, सेकंदाला दहा ठोके, सदतीस मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे. आता तीन मिनिटांत होणारा प्रकारही आला आहे, आणि २०१८ च्या एका मोठ्या चाचणीत तो जुन्याइतकाच चालला.

हे मशीन मला आवडतं. भूल नाही, आठवणी जात नाहीत, माणूस खुर्चीत बसून येतो आणि लोकल पकडून जातो. अमेरिकेत २००८ पासून त्याला नैराश्यासाठी मान्यता आहे. गोळ्यांनी गुण न आलेल्या, पण चालत्याबोलत्या नैराश्याच्या पेशंटला ते जरूर द्यावं. पण ते शॉकच्या जागी बसवणं म्हणजे मोडलेल्या मांडीला क्रेप बँडेज गुंडाळणं. गालात घास धरून बसलेल्या म्हाताऱ्याला महिनाभर रोज खुर्चीत कोण बसवणार? आणि चुंबकाची कामगिरीही पत्रकात चमकते तेवढी नाही. २०१८ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांवर चाचणी झाली. खऱ्या टीएमएसने ४१ टक्के पूर्ण बरे झाले, खोट्याने ३७ टक्के. कोणी रोज येऊन आपुलकीने विचारपूस करतं, वेळ देतं, याचाही गुण येतोच. तो फुकटात आमच्या ओपीडीत मिळायला हवा, ही माझी वेगळी तक्रार आहे.

शिवाय रोज म्हणजे रोज. शिवडीहून, चेंबूरहून, हजेरीवर पोट असलेल्या माणसाने तीस दिवस काम बुडवून खुर्चीत बसायचं. सिटिंगच्या पैशांचं तर विचारूच नका, पत्रकावरही ते छापलेले नाहीत. 'चुंबकाने काम होतं' हे वाक्य कोणाच्या खिशाकडे बघून बोललं गेलं, हे पाहुण्यांनी एकदा स्वतःला विचारावं. शॉक बंद झाला तर ज्याच्याकडे पैसा आहे त्याला नैराश्यावरचं केटामाइन मिळेल, चुंबक मिळेल, मोठ्या हॉस्पिटलात गुपचूप शॉकही मिळेल. बंद होईल तो पालिकेचा, केसपेपरवरचा.

मेंदूत तार घालून कायमचा पेसमेकर बसवायचं तंत्र, डीबीएस, त्याबद्दल थोडक्यात. २०२३ साली आपल्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशी यांनी नव्या कायद्याप्रमाणे लागणारी परवानगी मिळवून एका ऑस्ट्रेलियन बाईंवर जुनाट नैराश्यासाठी ती शस्त्रक्रिया केली. कायद्याने इथे पेशंटची स्वतःची संमती आणि वरून पुनर्विलोकन मंडळाची मान्यता दोन्ही मागितली, हे उत्तम. कारण या वाटेवर काय झालं होतं ते वाचून अंगावर काटा येतो. मेंदूतले धागे कापणाऱ्या लोबोटॉमीला १९४९ साली नोबेल दिलं गेलं. अमेरिकेतल्या तुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी मेंदूत तारा घालून एका समलिंगी तरुणाला 'सुधारायचा' प्रयोग केला आणि १९७२ मध्ये तो छापलाही. तेव्हा विजेचा वापर करणाऱ्यांवर संशय घेऊ नका, असं मी कधीच म्हणणार नाही. घ्या, भरपूर घ्या. पण हीथच्या पापाचं बिल आमच्या बाळंतिणीच्या नावे फाडू नका.

आणखी एक टोमणा राहिला. 'या डॉक्टरांना शॉकपलीकडे काही सुचत नाही.' १९७० च्या दशकात केईएममध्ये डॉ. एन. एस. वाहिया, डॉ. दुनगाजी आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी पतंजलीच्या योगावर बेतलेल्या उपचाराची तुलनात्मक चाचणी घेतली आणि १९७३ मध्ये अमेरिकेच्या नियतकालिकात छापली. योगाला आंतरराष्ट्रीय दिवस मिळायच्या कितीतरी आधी. त्या तरुणांतले दिलीप जेस्ते पुढे अमेरिकन सायकिॲट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. ती चाचणी पाहुण्यांच्या खुर्चीपासून दहा मिनिटांच्या चालीवर झाली.

माझ्या रागाची खरी जागा सांगून थांबते. इतकी वर्षं मी संमतीचे कागद हाताळले. इंग्रजीत छापलेले, खाली तीन ओळी मराठी, त्याही सरकारी. नवरा अंगठा उठवायचा. स्टँप पॅडची निळी शाई बोटाला लागली की तो कॉटच्या चादरीला पुसायचा. जिच्या डोक्याला इलेक्ट्रोड लागणार ती शेजारी बसलेली असायची, आणि तिला कोणी विचारायचं नाही. ती गप्प असायची म्हणून नव्हे. पुष्कळ बायका बोलत असायच्या, नीट बोलत असायच्या. मंगळवारी काय होणार, किती वेळा, काय विसरायला होईल, नको म्हटलं तर दुसरं काय, हे तिला तिच्या भाषेत सांगायला वीस मिनिटं लागतात. ती वीस मिनिटं कुठल्याच रजिस्टरमध्ये नव्हती. कायदा आल्यापासून कागद बदललेत. वीस मिनिटं आली का, ते आमच्या गणपती मंडळाच्या व्याख्यात्यांनी वॉर्डात जाऊन विचारावं. भूलतज्ज्ञ आठवड्यातून किती दिवस मिळतात तेही विचारावं. एखाद्या जिल्हा रुग्णालयात उत्तर 'मिळतच नाहीत' असं आलं, तर त्यावर सभा घ्यावी, मोर्चा काढावा. मी येईन, गुडघे दुखत असले तरी.

मंडळाच्या पोरांना मी सांगून ठेवलंय, पुढच्या वर्षी व्याख्यानाला भूल देणाऱ्या एखाद्या बाईंना बोलवा. फक्त तारीख बघून ठरवा. मंगळवारी आणि शुक्रवारी त्यांना जमणार नाही.